ओमेर मोजायचं अ‍ॅप : मी शिरोलीत, घड्याळ न्यूयॉर्कचं

तीन स्टार देतोय. ओमेर म्हणजे आम्हा ज्यूंची दोन सणांमधल्या रात्रींची मोजणी. ती करायलाही आभाळात तीनच तारे लागतात, तेव्हा रात्र सुरू झाली असं धरतात.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ रेवदंड्याकडचा. पोटापाण्यासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत. इथं आठवण करून द्यायला प्रार्थना चालवणारा हझान नाही, लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ राहिलं पुण्यात. पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून 49 रात्री मोजायच्या आणि पन्नासाव्या दिवशी शावुओतचा सण, एवढ्यासाठी हे फुकटचं अ‍ॅप घेतलं.

पहिले दहा-बारा दिवस काम चोख. एप्रिलअखेरीस कोल्हापुरात सूर्य 6.50च्या आसपास मावळतो, मुंबईपेक्षा सात-आठ मिनिटं आधी. हा फरक अ‍ॅप धरतं. सूर्य बुडाला की लगेच वाजत नाही, तारे दिसायच्या वेळेला वाजतं. सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर उभं राहून ताडून पाहिलं. दिव्यांच्या झगमगाटात तिसरा तारा शोधताना मान दुखली, पण वेळ बरोबर होती. दुसरी पाळी असली तर फोन लॉकरमध्ये. तरी हरकत नाही, पहाटेपर्यंत मोजता येतं. अकराला सुटलो की पार्किंगमध्येच बेराखा, म्हणजे मोजणीआधीची प्रार्थना, म्हणून आणि मोजून मोकळा.

मग अपडेट आलं. लोकेशनची परवानगी उडाली आणि यानं न विचारता शहर न्यूयॉर्क धरलं. संध्याकाळी साडेसातला उघडतो तर कालचाच बारा! तिथं सकाळचे 10 वाजलेले, त्यांची रात्र कुठली व्हायला? भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलनं गोल करतो म्हणून सापडलं, नाहीतर चुकीचा आकडा म्हणून बसलो असतो. शुक्रवारी रात्री शब्बाथचा विसावा सुरू होतो म्हणून मी फोनला हात लावत नाही, तेव्हाही कालनिर्णयच.

दुसरी खोट मोठी. रात्री विसरलात तर दिवसा मोजायचं, पण बेराखा न म्हणता. पुढच्या रात्रीपासून पुन्हा बेराखासकट. रात्र आणि दिवस दोन्ही चुकले तर मोजणी चालू ठेवायची, पण उरलेल्या सगळ्या रात्री बेराखाशिवाय. अ‍ॅपला हे काही कळत नाही. दुपारी 12ला उघडा, बेराखा दाखवतं. दोन दिवस चुकवा, तरी दाखवतं. नवशिक्याची फसगत नक्की.

आणखी एक गोष्ट त्याला शिकवता येणार नाही. चहाच्या गाड्यावर दिवेलागणीला आमचा क्रेनवाला विचारतो, “काय भावा, आज कितवा?” तेव्हा आकडा तोंडातून गेला की मोजणी झाली असं धरतात, मग त्या रात्री बेराखा म्हणता येत नाही. म्हणून मी आजीचं उत्तर देतो, “काल सोळावा होता.” तो म्हणतो, “कालचं कोण विचारतंय?”

मराठी नाही, हिब्रू आणि इंग्रजीच. अक्षर मात्र मोठं, चष्म्याशिवाय वाचता येतं. घ्यायचं तर घ्या, पण सेटिंगमध्ये जाऊन कोल्हापूर हातानं टाका.