लॅन्टस सोलोस्टार: पेन उत्तम, पुण्याचा उन्हाळा सांभाळा

मधुमेहासाठीच्या या ३ मिलीच्या पेनमध्ये ३०० युनिट ग्लार्जिन, म्हणजे दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन. रोज एकदाच, ठरलेल्या वेळी. डोस एकेक युनिटने फिरवता येतो, हे फार सोयीचं. दरवेळी नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडा. सुईच्या टोकाला थेंब दिसला तरच टोचा. बटण दाबून १० सेकंद थांबा, घाई केली की औषध बाहेर ओघळतं. जागा बदलत राहा, नाहीतर गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

वापरातलं पेन फ्रिजबाहेर, ३० अंशांखाली, २८ दिवस चालतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं पेन वायाच. ओल्या मडक्यातला गारवा बरा. द्रव गढूळ दिसला तर पेन टाकून द्या.