व्ह्यूमधून डेटा बदलायचाय? मायएसक्यूएल की पोस्टग्रेस

वाशी मार्केटातल्या कांदा-बटाट्याच्या एका गाळ्याचं हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. आधी ते मायएसक्यूएलवर होतं, आता पोस्टग्रेसवर आहे. दोन्ही डेटाबेस चांगले, दोन्ही फुकट. वेगाबद्दल मी बोलणार नाही, कारण गाळ्याच्या हिशेबाला दोन्ही पुरून उरतात. व्ह्यूच्या, म्हणजे टेबलांवर लिहून ठेवलेल्या आणि टेबलासारख्याच दिसणाऱ्या क्वेरीच्या बाबतीत मात्र फरक पडतो आणि तो क्वचित येणाऱ्या प्रसंगांतच पडतो.

आमच्याकडे एक व्ह्यू होता: पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) क्रमांक, तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, गोण्या, भाव. मागे दोन टेबलं, शेतकरी आणि पट्टी, त्यांचा साधा जॉइन, म्हणजे दोन्हींतल्या जुळणाऱ्या ओळी एकत्र जोडलेल्या. एका शेतकऱ्याची जमीन ओतूरलाही आहे आणि मंचरलाही. त्या दिवशी माल मंचरहून आला, म्हणून दिवाणजींनी स्क्रीनवर त्या एका पट्टीचं गाव बदललं. मायएसक्यूएलने मुकाट्याने एक ओळ बदलल्याचं सांगितलं. खरंच एकच ओळ बदलली होती, पण ती शेतकरी टेबलातली. त्यामुळे त्याच्या ओतूरच्या सगळ्या जुन्या पट्ट्याही मंचरच्या दिसू लागल्या.

गाव पट्टीच्याच टेबलात हवं होतं, असं कोणी म्हणेल. रास्त आहे. पण मला खटकलं ते पुढचं. त्याच व्ह्यूवर गाव आणि भाव एकाच अपडेटमध्ये बदलायला जा, १३९३ क्रमांकाची एरर येते: जॉइन व्ह्यूमधून एकाहून जास्त मूळ टेबलं बदलता येत नाहीत. ओळ डिलीट करायला जा, १३९५. म्हणजे एकाच व्ह्यूवर एक बदल चालतो, दुसरा अडतो, तिसरा वेगळ्या कारणाने अडतो. त्यात उद्या कोणी व्ह्यूमध्ये डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणं) किंवा ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) घातलं, की आजवर चालणारा अपडेटही बंद. प्रत्येक नियमाला कारण आहे आणि ते कागदपत्रांत लिहिलेलं आहे, हे मान्य. पण स्क्रीन लिहिणाऱ्या पोराला ते पाठ असणार नाही.

पोस्टग्रेस इथे सरळ नाही म्हणतं. एकाच टेबलावरचा साधा व्ह्यू असेल तर ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, तो आपोआप अपडेट होतो. जॉइन आला की इन्सर्ट, अपडेट, डिलीट तिन्ही बंद. एररसोबत कारणही सांगतं आणि इन्स्टेड ऑफ ट्रिगर, म्हणजे व्ह्यूवरच्या बदलाऐवजी आपोआप चालणारा तुमचा कोड, लिहा, असं सुचवतंही. तो ट्रिगर लिहिताना तुम्हाला ठरवावंच लागतं, की गाव बदललं म्हणजे नेमकं काय बदललं. माझा कौल इथेच फिरला. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूवर ट्रिगर लावायची सोयच नाही.

आता पोस्टग्रेसचा जाच. व्ह्यूत वापरलेल्या कॉलमचा प्रकार बदलू देत नाही. आहे तोच व्ह्यू नव्याने लिहिणाऱ्या क्रिएट ऑर रिप्लेसने नवे कॉलम फक्त शेवटी जोडता येतात, आधीच्यांचं नाव, क्रम, प्रकार बदलता येत नाही. एका व्ह्यूवर दुसरा, त्यावर तिसरा असेल तर सगळी उतरंड उतरवून पुन्हा रचावी लागते. ज्यांचे रिपोर्ट दर आठवड्याला बदलतात त्यांना हे नकोसं होईल, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मायएसक्यूएल यात मोकळं आहे. पण तिथे मूळ टेबलातला कॉलम काढून टाकला तरी कोणी हटकत नाही. व्ह्यू तसाच मोडका पडून राहतो आणि पहाटे गाड्या लागल्यावर कोणीतरी रिपोर्ट उघडला की १३५६ क्रमांकाची एरर येते. टेबल, कॉलम, फंक्शन की परवानगी, यांतलं नक्की काय बिघडलं, ते एररच्या त्या एका वाक्यातून कळत नाही. पोस्टग्रेस कॉलम काढतानाच थांबवतं आणि कोणता व्ह्यू अडकलाय ते नावानिशी सांगतं.

सिलेक्ट स्टारबाबत, म्हणजे टेबलातले सगळे कॉलम घ्या असं सांगून बनवलेल्या व्ह्यूबाबत, दोघे सारखेच: व्ह्यू बनवताना जे कॉलम होते तेच राहतात, नंतर वाढवलेले दिसत नाहीत. व्ह्यूच्या अटीबाहेर जाणारा बदल अडवणारा चेक ऑप्शन दोघांकडे आहे. तो लावला नाही, तर अपडेट केलेली ओळ व्ह्यूच्या अटीबाहेर जाऊन दिसेनाशी होऊ शकते, हेही दोन्हीकडे सारखंच.

व्ह्यू फक्त वाचायला असतील आणि टीमचा हात मायएसक्यूएलवर बसलेला असेल, तर केवळ यासाठी बदलू नका. व्ह्यूमधून लिहायचं असेल तर मी पोस्टग्रेस घेईन. आणि मायएसक्यूएलवरच राहायचं ठरलं, तर ॲपच्या यूझरला जॉइन व्ह्यूवर फक्त सिलेक्टची (वाचण्याची) परवानगी द्या आणि लिहिण्याचं काम स्टोअर्ड प्रोसीजरकडे, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडकडे, सोपवा.