एक्स-२ मिलिंगचे सीएनसी रूपांतर : आठ महिन्यांचा अनुभव आणि एका कपलिंगची तक्रार

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कापलेला ७० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा कॅम (फिरताना लूमचे भाग हलवणारी चकती) मी अजून भंगारात टाकलेला नाही. कटर परिघाला वळसा घालून जिथून निघाला तिथेच परत यायला हवा होता. तो आला नाही, आणि जोडाच्या जागी ०.३४ मिलिमीटरची पायरी राहिली. हा कॅम मास्टर, म्हणजे मूळ नमुना, म्हणून वापरला जातो, त्यामुळे त्यावरची पायरी त्याच्यावरून निघणाऱ्या प्रत्येक नगावर उतरते आणि लूमवर दर फेऱ्याला ठोका देते. हाताने चालणारे छोटे मिलिंग मशीन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर चालणारे, करण्याच्या या रूपांतराचा बाकीचा अनुभव चांगला असूनही हा लेख मुख्यतः त्या पायरीबद्दल आहे, कारण तिने माझे जवळजवळ दोन महिने खाल्ले.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे लहान वर्कशॉप असून लूमच्या सुट्या भागांची दुरुस्ती आणि नमुने हे माझे मुख्य काम आहे. कॅमचा मास्टर हाताने करायचा म्हणजे आखणी, भोके पाडणे आणि कानशीने घासणे यात पूर्ण दिवस जातो, म्हणून डिसेंबरमध्ये मी माझ्या एक्स-२ धर्तीच्या (टेबलावर बसणाऱ्या लहान) मिलिंगसाठी तयार संच मागवला. त्यात १६०५ चे बॉलस्क्रू (१६ मिलिमीटर जाड, एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवणारे), नेमा २३ आकाराच्या स्टेपर मोटारी (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणाऱ्या), त्यांना वीज पुरवणारे डीएम५४२ ड्रायव्हर आणि आर्डुइनो या छोट्या बोर्डवर चालणारा जीआरबीएल हा नियंत्रक प्रोग्राम असा सर्वांच्या परिचयाचाच सरंजाम होता. जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. झेड (उभ्या) अक्षावरील रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि चाक, काढून तिथे स्क्रू बसवण्यास मात्र बाकी सर्व कामाइतकाच वेळ लागला.

पहिले चार महिने मी खूश होतो. मूळ स्क्रूच्या बॅकलॅशमुळे (दिशा बदलताना जाणवणाऱ्या सैलपणामुळे) क्लाइम्ब मिलिंग, म्हणजे कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच काम सरकवून कापणे, करताना कटर टेबल स्वतःकडे ओढून घेत असे, तो प्रकार बॉलस्क्रूने जवळपास संपला. जीआरबीएलमध्ये बॅकलॅशची भरपाई करण्याची सोय नाही, त्यामुळे बॉलस्क्रूवरचा खर्च टाळून इथे भागत नाही, हे मला त्या वेळी पटले. काटकसर करायचीच होती तर ती दुसरीकडे करायला हवी होती, असे तेव्हा वाटे. संच पुरवणाऱ्याने ती आधीच भलत्या जागी करून ठेवली आहे, याची मला कल्पना नव्हती.

पायरी दिसल्यावर मी त्याला फोन केला. मोटार स्टेप चुकवते आहे, वेग कमी करा, कंट्रोलरला एवढे पल्स झेपत नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले. मोटारीच्या एका फेऱ्याला १६०० पल्स (कंट्रोलरचे विजेचे इशारे) आणि स्क्रूची चाल ५ मिलिमीटर, म्हणजे दर मिलिमीटरला ३२० पल्स होतात. माझा सर्वाधिक वेग मिनिटाला १५०० मिलिमीटर होता, म्हणजे सेकंदाला ८००० पल्स. जीआरबीएल तर ३० हजारांपर्यंत सहज जाते. हा हिशेब मी त्याला सांगितला, तरी त्याच्या आग्रहाखातर वेग ८०० वर आणला आणि पायरी ०.१७ वर आली. त्यामुळे जवळजवळ तीन आठवडे मी त्याचेच म्हणणे खरे मानले, आणि उगाच फोनवर आवाज चढवला म्हणून मनातल्या मनात खजीलही झालो.

माझा गैरसमज दूर केला तो आकड्यांनीच. स्टेपर मोटार ताल चुकली की साधारणपणे चार पूर्ण स्टेपच्या पटीत चुकते. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश, आणि ५ मिलिमीटर चालीच्या स्क्रूवर ०.१ मिलिमीटर. म्हणजे चूक ०.१, ०.२, ०.३ अशी यायला हवी होती. माझ्या वहीत मात्र ०.३४, ०.१७ आणि ०.२६ हे आकडे होते. मोटार निर्दोष होती. कुठेतरी काहीतरी घसरत होते.

त्यानंतर मी मोटारीच्या शाफ्टवरून, मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवर जाणारी मार्करची एक सरळ रेघ ओढली, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. मोटार स्टेप चुकवत असेल तर शाफ्ट आणि कपलिंग एकत्रच थांबतात आणि रेघ अखंड राहते. माझी रेघ तिसऱ्याच कॅमनंतर तुटली. टेबलावरचे ०.३४ मिलिमीटर म्हणजे स्क्रूचे सुमारे २४ अंश, आणि शाफ्टच्या परिघावर जवळपास १.४ मिलिमीटर होतात, त्यामुळे ते पाहण्यासाठी भिंगाचीही गरज पडली नाही.

दोष सापडल्यावरही मी एकदा चुकलोच. पत्र्याच्या शेडमधला सोलापूरचा मे महिना आणि हात ठेववणार नाही इतकी तापलेली मोटार पाहून ॲल्युमिनियमचे कपलिंग उष्णतेने सैल होत असावे, असे मी ठरवून टाकले. हिशेब केला तेव्हा तापमान ४० अंशांनी वाढले तरी पोलादी शाफ्ट आणि ॲल्युमिनियमचा बोअर (कपलिंगचे भोक) यांच्यात जेमतेम ०.००३ मिलिमीटरचा फरक पडतो, असे दिसले. अखेर कपलिंग सोडवले आणि सहज म्हणून बोअरमध्ये साडेसहा मिलिमीटरच्या ड्रिलची दांडी घालून पाहिली, तर ती सरळ आत गेली. मोटारीचा शाफ्ट आहे पाव इंची, म्हणजे आपल्या भाषेत दोन सूत, ६.३५ मिलिमीटर. उरलेल्या ०.१५ मिलिमीटरच्या सैलपणात सगळा भार शाफ्टवर आवळणाऱ्या दोन बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंच्या टोकांवर होता, आणि काम पकडणारा जड व्हाइस घेऊन टेबल झटक्याने उलटे फिरले की ती टोके शाफ्टवरून सरकत होती. वेग कमी केल्यावर झटका कमी झाला, म्हणून पायरीही कमी झाली होती.

छायाचित्रे पाठवल्यावर नवे कपलिंग मिळेल, पण कुरियरचे १५० रुपये तुम्हीच द्या, असे उत्तर आले. रक्कम मोठी नव्हती, पण ती देणे मला मान्य नव्हते. माझ्याकडे लेथ आहे, त्यामुळे मी एमएस (साध्या पोलादाच्या) बारमधून चिरा देऊन बोल्टने आवळण्याची दोन कपलिंगे तयार केली आणि त्यांच्या बोअरमधून पाव इंची रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवला. असे कपलिंग जराही लवचीक नसते, त्यामुळे मोटारीची प्लेट डायल (सूक्ष्म मापाचे घड्याळ) लावून, पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारून सरळ करावी लागली, आणि त्यात एक अख्खा रविवार गेला. तेव्हापासून झालेल्या ११ मास्टरपैकी एकावरही नखाला लागेल अशी पायरी नाही, वेग पुन्हा १५०० वर आहे आणि एक मास्टर पाऊण तासात निघतो.

दुसरी तक्रार संचाची नाही, जागेची आहे. शेजारच्या लूममधून उडणारी तूस तेल लावलेल्या स्क्रूवर चिकटते आणि नटाच्या तोंडाशी तिची वात तयार होते. मी आधी वाया गेलेल्या टॉवेलच्या तुकड्यांचे आवरण घातले, कारण ते इथे फुकटात मिळतात. पण टॉवेलची स्वतःचीच तूस स्क्रूवर पडू लागल्यावर रेक्झिन आणावे लागले.

झेड अक्षावर मात्र संचाबरोबर आलेले कपलिंग अजून तसेच आहे, कारण उरलेला बार त्याला पुरला नाही आणि तिथे टेबलासारखे झटके बसत नाहीत. त्यावरही मी मार्करची रेघ ओढून ठेवली असून रोज सकाळी मशीन सुरू करण्यापूर्वी ती पाहतो. आजपर्यंत ती सरळ आहे.