ट्रॅव्हलरमधली सामाजिक प्रतिष्ठा आणि परग्रहवासीयांची उतरंड : काही महिने खेळवल्यानंतरचा अनुभव

ट्रॅव्हलर हा अंतराळातला रोलप्ले गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून एकेक पात्र वठवायचा खेळ, १९७७ साली आला. मार्क मिलर यांनी तो रचला आणि गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढला. त्याच्या मूळ नियमांत माणसाच्या पात्राचे सहा गुण ठरलेले आहेत: ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा. पहिले पाच पात्राच्या स्वतःच्या अंगात असतात. सहावा मात्र समोरच्याच्या मनात असतो, आणि म्हणूनच मला तो सगळ्यांत जास्त खेळवावासा वाटत होता. गेल्या पावसाळ्यापासून आमचा गट मंगूस प्रकाशनाची दुसरी आवृत्ती आणि जुन्या एलियन मॉड्यूल्समधली (परग्रही जमातींवरच्या पुस्तकांमधली) माहिती एकत्र करून खेळतोय, रेफरी, म्हणजे जग मांडणारा आणि खेळ चालवणारा, मी आहे. परग्रहवासीयांच्या समाजाची उतरंड टेबलावर खरोखर किती चालते, एवढ्याच अंगाने हा अनुभव लिहितोय. जहाजं, व्यापार, लढाया यांवर बरंच लिहून झालंय.

सुरुवात माणसांच्या साम्राज्यापासून, कारण मूळ नियम तिथले. दोन फाशांची बेरीज म्हणजे तुमची प्रतिष्ठा. ११ म्हणजे नाइट, १२ बॅरन. पुढे कारकीर्दीत वाढत गेली तर १३ मार्क्विस, १४ काउंट आणि १५ ड्यूक. दोन फाशांवर ११ किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी ३, म्हणजे पाच-सहा जणांच्या गटात एखाद्यालाच उमरावपद मिळणार. आमच्याकडेही एक नाइट निघाला. पण हे पद मिळाल्यावर करायचं काय? एखादं काम जमलं की नाही हे दोन फासे टाकून ठरतं, आणि ९ ते ११ प्रतिष्ठेला त्या बेरजेत +१ मिळतो. म्हणजे राज्यपालासमोर बोलताना नाइटला जेवढा फायदा, तेवढाच ९ प्रतिष्ठेच्या डॉक्टरला. नाव मोठं, पण टेबलावर फरक शून्य.

याचं कारण नियमांच्या आकड्यांत नाही, जगाच्या रचनेत आहे. ट्रॅव्हलरमध्ये प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येत नाही. बातमी जहाजातूनच जाते, आणि प्रत्येक जंपला (ताऱ्यांमधल्या उडीला) साधारण आठवडा लागतो, मग अंतर १ पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) असो की ६. सीमेवरच्या जगापर्यंत राजधानीतली खबर यायला महिनोन्महिने जातात. पद देणारा सम्राट इतका लांब असेल, तर ते काढून घेणारंही जवळपास कुणी नाही. ज्या मानाला धक्काच लागू शकत नाही तो मान खेळात नुसता बसून राहतो. हे लक्षात आल्यापासून मी प्रत्येक परग्रही समाजाला एकच प्रश्न विचारायला लागलो: इथे प्रतिष्ठा कुणाच्या हातात आहे आणि ती कोण, किती लवकर काढून घेऊ शकतं? आकडा, पदव्या, पोशाख, नमस्काराची पद्धत हे सगळं त्यानंतर.

या कसोटीवर वार्गर सगळ्यांत पुढे आहेत. सुमारे ३,००,००० वर्षांपूर्वी ‘एन्शंट्स’ नावाच्या जमातीने पृथ्वीवरचे लांडग्याच्या कुळातले प्राणी उचलून नेले आणि त्यांच्यात फेरफार केले. त्यांचे वंशज म्हणजे वार्गर. १९८४ सालच्या मॉड्यूलमध्ये त्यांच्यासाठी सामाजिक प्रतिष्ठा काढूनच टाकली आणि तिच्या जागी करिश्मा आणला. तो यशाने वाढतो, अपयशाने घटतो. आम्ही तो आणखी सोपा केला: चारचौघांसमोर हाती घेतलेलं काम जमलं की एक गुण वर, फसलं की एक खाली. कुणी न पाहिलेलं काही मोजायचं नाही. करिश्मा टोळीच्या हातात असतो, आणि टोळी सतत समोर उभी असते.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे किती धारदार आहे ते कळेल. आमच्या वार्गर जहाजाचा कप्तान करिश्मा ११ वर होता, मेट (त्याच्या हाताखालची अधिकारी) १० वर. ही दोन पात्रं चालवणारे सख्खे भाऊ-बहीण, आणि ती खेळातसुद्धा त्याला ‘दादा’च म्हणायची, आम्ही कुणी कधी टोकलं नाही. एका बंदरावर मालाचा सौदा होता. सगळे खलाशी मागे उभे. कप्तानाला ८ हवे होते. फासे पडले २ आणि ३, करिश्म्याचा +१, कौशल्याचा +१, एकूण ७. एका गुणाने सौदा गेला. कप्तान १० वर आला. मी खलाशांचं काही बोलायच्या आत ती पुढे झुकली आणि म्हणाली, “कप्तान, तू बस जरा. यांच्याशी मी बोलते.” टेबल गप्प. भावाने फासे हातात घेतले, परत ठेवले. मग मी प्रत्येक खलाशाचं नाव घेऊन विचारलं, हा कुणाच्या बाजूला सरकतोय? तो सबंध सेशन त्या सरकण्यातच गेला. एक गोळी सुटली नाही, आणि गटातल्या प्रत्येकाला तो सेशन आजही पाठ आहे.

इतकं साधं यंत्र इतकं का चालतं? कारण अंतर एका गुणाचं आहे, आणि ते भरून यायला किंवा तुटायला एक फेक पुरते. रचना करणाऱ्यांनी हे जरूर उचलावं. प्रतिष्ठेच्या पायऱ्यांमधलं अंतर एका संध्याकाळीत ओलांडता येण्याइतकं हवं, नाहीतर खेळाडू ती पायरी म्हणजे भिंत समजतात आणि दुसरीकडे वळतात.

अस्लान वेगळ्या कारणाने आवडले. सिंहासारख्या दिसणाऱ्या या समाजात पुरुषाचा मान जमिनीवर ठरतो, आणि पैसा, व्यापार, हिशेब हा सगळा स्त्रियांचा प्रांत. सगळ्यांत बलाढ्य २९ कुळांची परिषद वर आहे, पण खेळात ती क्वचितच लागते. रोजच्या खेळात लागतात ते इहातेई: जमीन वाट्याला न आलेले धाकटे मुलगे, जे नवी जमीन शोधायला बाहेर पडतात. एका वाक्यात सबंध कॅम्पेनचं, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेचं, कारण हातात येतं. आमच्याकडच्या अस्लान वीराला बंदराचं भाडं भरता येईना, कारण पैशाशी व्यवहार करायला लागणारं ‘इंडिपेंडन्स’ हे कौशल्य त्याच्याकडे नव्हतं. ते काम त्याच्या बहिणीचं पात्र करायचं, आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत जहाज हलत नव्हतं. दोन शिड्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एकाच खोलीत कोण मोठं हे विषयागणिक बदलतं. एकेरी शिडीपेक्षा ही कल्पना कितीतरी श्रीमंत आहे. तक्रार एवढीच की स्त्री-पुरुषांची ही वाटणी नियमांत फार घट्ट बांधलीय. ती मोडणाऱ्या पात्रासाठी रेफरीला बरीच जोडाजोड करावी लागते.

कक्रींबद्दल थोडक्यात. कळपाने राहणारे, बंद जागेची भीती बाळगणारे, कट्टर शाकाहारी. कक्री एकटा प्रवास करत नाही. कुटुंब आणि चाकर बरोबर असतात. मान म्हणजे मागे चालणारा लवाजमा. वाचायला सुंदर, पण पाच खेळाडूंच्या टेबलावर जड. पाहुणे म्हणून आणावेत.

झोदानी शरीराने माणसंच, पण समाज इतका निराळा की मी त्यांना याच यादीत धरतो. मनःशक्तीवर उभे असलेले तीन थर: वर उमराव, मध्ये इंटेंडंट, खाली प्रोल. मन वाचणारे नीतिरक्षक नाराज माणसाला शोधून ‘बरं’ करतात. पहिले काही सेशन हे जग अगदी सपाट गेलं. खेळाडू त्यात वरच्यांविरुद्ध खालचे अशी एकच लढाई बघत होते, आणि ती लढाई मनं वाचणाऱ्या राज्यात सुरू होण्याआधीच संपते.

वाट सापडली ती आपल्याकडच्या विचारातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता मांडली, तिचा गाभा असा की अशा व्यवस्थेत अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं. त्यामुळे प्रत्येकाला आपली पायरी राखण्यात थोडा तरी स्वार्थ असतो आणि सगळे पिडलेले एकत्र येत नाहीत. समाजरचना कागदावर मांडणाऱ्या कुणीही हे आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण रोलप्लेच्या बहुतेक उतरंडींत मधला माणूसच नसतो. मी खेळाचं केंद्र उमरावांवरून आणि प्रोलांवरून काढून इंटेंडंटांवर आणलं. प्रोल घरात जन्मून चाचणीत मनःशक्ती दिसल्यामुळे वर उचलली गेलेली एक मुलगी, आता अधिकारी, आणि तिच्याच जुन्या वस्तीत नव्या चाचण्या घ्यायला पाठवलेली. तिने कुणाला वर काढायचं आणि कुणाला तसंच ठेवायचं? तिचं स्वतःचं पद तिच्या निकालांवर टिकून. झोदानी तिथून पुढे जिवंत झाले.

ड्रॉइनांपाशी मात्र थांबून बोलावं लागलं. या समाजात कामगार, योद्धा, ड्रोन, तंत्रज्ञ, स्पोर्ट आणि नेता असे सहा वर्ग आहेत. कॉइन नावाच्या खुणांचा कौल घेऊन लहानग्याचा वर्ग ठरवतात आणि तो आयुष्यभराचा. हा विधी हरवलेले ड्रॉइन म्हणजे चर्पर, आणि ते साध्या अवस्थेत राहतात. म्हणजे वर्ग नसेल तर संस्कृतीही नाही, असं हे जग सुचवतं. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं की ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी पाणवठ्यापासून शाळेपर्यंत हे सोसलंय, त्यांच्यासमोर ‘जन्मभराचं काम ठरलं आणि सगळे सुखी’ हे नुसतं मजेदार परग्रही वैशिष्ट्य म्हणून ठेवता येणार नाही. ती बरोबर बोलली. ड्रॉइनांचा वर्ग जन्मावर ठरत नाही, त्यांची शरीरंही वेगळी असतात, वगैरे बचाव पुस्तकापुरता ठीक. टेबलावर बसलेली माणसं खरी असतात.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आणि त्या सगळ्याच कॅम्पेनला लागू केल्या. परग्रही समाजातला कुठलाही थर इथल्या कुठल्याही समाजासारखा बोलणार, वागणार, दिसणार नाही. खालच्या पायरीवरच्या पात्राला स्वतःचं मत असणारच. ‘ते त्यातच समाधानी असतात’ हे वाक्य रेफरीने वापरायचं नाही. आणि कुणीही कधीही हात वर करून प्रसंग थांबवू शकेल, कारण विचारायचं नाही. त्यानंतर त्याच मैत्रिणीने स्पोर्ट वर्गातलं पात्र घेतलं, जे बाहेरच्या जगाशी व्यवहार करतं, आणि कौल घेणाऱ्यांनाच ती प्रश्न विचारत राहिली. ड्रॉइन मी यापुढेही खेळवीन, पण या बोलण्याशिवाय नाही. मराठी गटांनी तर नाहीच.

एवढं सगळं वापरल्यावर एक समाज स्वतः रचला. त्याला ‘साक्ष’ म्हणतो. ओहोटीच्या किनाऱ्यावर राहणारे, फार दीर्घायुषी जीव. त्यांच्यात लिखित नोंदीला किंमत नाही. तुम्ही केलेलं मोठं काम प्रत्यक्ष पाहणारा जिवंत असेल तोवरच ते काम तुमचं. टेबलावर प्रत्येक साक्षीदाराचा एक पत्ता (कार्ड), त्यावर त्याचं नाव आणि त्याने काय पाहिलं ते. एका पत्त्याला प्रतिष्ठेचे दोन गुण. म्हणजे तीन-चार पत्ते असले की फाशांवर काही फरक नाही, पाचला +१, सहाला +२. एकच उरला तर −२, एकही नसेल तर −३. मूळ नियमांचा तक्ता जसाच्या तसा वापरता येतो, वेगळं गणित लागत नाही.

खेळताना यातून ज्या गोष्टी आपोआप निघाल्या त्यांनी मी थक्क झालो. तुमचा सगळ्यांत मोठा पराक्रम बहुधा तुमच्या शत्रूनेच पाहिलेला असतो. त्यामुळे एका खेळाडूने स्वतःच्या म्हाताऱ्या वैऱ्याला आजारपणात जहाजावर आणून ठेवलं, त्याला औषध देत बसला, भांडत बसला. दोन घरं भांडली की आधी एकमेकांच्या साक्षीदारांना आमंत्रणं जातात. परक्या बंदरात पाऊल ठेवलं की सगळेच शून्यावर, म्हणून प्रत्येक व्यापारी जहाजावर एक वृद्ध साक्षीदार मानाने नेला जातो आणि त्याची केबिन कप्तानापेक्षा चांगली असते. यातलं एकही मी आधी लिहिलं नव्हतं.

उणिवा आहेत. पत्त्यांची संख्या वाढली की गोंधळ होतो, म्हणून सातावर मर्यादा घातली. आठवा हवा असेल तर आधीचा एक सोडायचा, आणि तो साक्षीदार दुखावतो. खोटी साक्ष हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या साक्षीदार खोटं बोलला तर त्याने पाहिलेल्या सगळ्यांचेच पत्ते जातात, पण ही शिक्षा निरपराधांना जास्त लागते आणि खेळाडूंना ती रास्त वाटत नाही. शिवाय मारामारीची आवड असलेल्या गटाला हा समाज संथ वाटेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी वार्गरांपासून करावी. नियम एका कागदावर मावतात आणि पहिल्याच सेशनला परिणाम दिसतो. अस्लानांसाठी निदान दोन खेळाडू भाऊ-बहीण किंवा नवरा-बायको अशी पात्रं घेणारे हवेत, तरच दोन शिड्यांची गंमत येते. झोदानी थोड्या मुरलेल्या गटाला द्यावेत आणि एक तरी पात्र इंटेंडंट असू द्यावं. माणसांच्या साम्राज्यातला नाइट वापरायचाच असेल, तर त्याच ग्रहावर त्याच्याहून एका गुणाने वरचा उमराव आणून बसवा, ज्याच्या सहीशिवाय या नाइटला दरबारात पाऊल टाकता येणार नाही. आमच्या नाइटचं सध्या तेच चाललंय. ती सही मिळवायला त्याने आपलं जहाज तारण ठेवलंय, आणि पुढच्या सेशनला बॅरनबाई त्याला जेवायला बोलावणार आहेत.