बंड्याचा सीटबेल्ट : दोन फसलेले प्रयत्न आणि एक टिकलेला

धाकटी बहीण पुण्याहून फोनवर म्हणाली, "ताई, आम्ही भाड्याने कॅरव्हॅन घेऊन तारकर्लीला जातोय. रॉकीला घरी ठेवायचा नाहीये. तू बंड्याला गाडीत कसं बांधतेस ते नीट लिहून पाठव." रॉकी तिचा कुत्रा, बंड्या आमचा. कॅरव्हॅन म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यामुळे हा प्रश्न आता तिकडेही बऱ्याच जणांना पडत असेल. तिला पाठवायला म्हणून लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं. परीक्षण एकाच वस्तूचं आहे, स्लीपीपॉड कंपनीच्या क्लिकइट स्पोर्ट नावाच्या हार्नेसचं, म्हणजे कुत्र्याच्या छातीभोवती घालायच्या पट्ट्यांच्या साजाचं. पण त्या हार्नेसपर्यंत मी का आणि कशी पोचले ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. गाडी म्हणजे फियाट डुकाटोवर बांधलेलं, वापरलेलं घेतलेलं मोटरहोम. पुढे दोन खुर्च्या, त्यांच्या मागे जेवणाचं टेबल आणि त्याच्या मागे, पुढे तोंड करून बसायचा दोघांचा बाक, मग स्वयंपाकघर, शेवटी पलंग. बंड्या पाच वर्षांचा, बॉर्डर कोली आणि आणखी कशाकशाचं मिश्रण, वजन २१ किलो. निवारा केंद्रातून आणलेला. त्याला गाडीची भीती नाही, उलट गाडी म्हणजे समुद्र हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

ब्रिटनच्या हायवे कोडमधला, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतला, ५७ वा नियम सांगतो की गाडीतला कुत्रा नीट जखडलेला हवा, म्हणजे चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही आणि अचानक ब्रेक लागला तर त्याला किंवा आपल्याला इजा होणार नाही. हा नियम मोडणं एवढ्यावरून खटला होत नाही, पण काही घडलं तर कोर्टात तो तुमच्याविरुद्ध काढता येतो. मोटारीत हे जमवणं फारसं कठीण नाही. मोटरहोममध्ये कठीण आहे, कारण आत जागा भरपूर आणि बांधायला भरवशाचं काहीच नाही.

पहिली वस्तू आम्ही घेतली ती सगळेच घेतात ती. साधा फिरवायचा हार्नेस आणि एक छोटा पट्टा, ज्याचं एक टोक हार्नेसच्या कडीला आणि दुसरं सीटबेल्टच्या बकलमध्ये खटकन बसतं. बंड्याला उठता, वळता, आडवं होता यावं म्हणून आम्ही तो पट्टा सैल ठेवायचो. त्याला मोकळं वाटावं ही माया होती. तीच अंगाशी आली.

स्कॉटलंडमध्ये ए-८३५ रस्त्यावर, गार्व सोडून उल्लापूलकडे जाताना संध्याकाळी एक हरिणी रस्त्यात आली. माझ्या नवऱ्याने, सतीशने, ब्रेक मारला. गाडी थांबली, हरिणी वाचली, आम्हा दोघांना काही झालं नाही. मागे बंड्या बाकावरून उडाला, पट्टा ताणला जाईपर्यंत हवेत होता आणि मग एकदम हिसका बसून बाक आणि टेबलाच्या मधल्या जागेत आदळला. त्याचं ते ओरडणं मी विसरलेले नाही. पुढचा डावा पाय टेकवेना. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी तपासलं, हाड मोडलं नव्हतं, खांद्याचा स्नायू दुखावला होता. तीन आठवडे लंगडत होता. आणि ही टक्कर नव्हती, नुसता ब्रेक होता.

त्या रात्री मी कागदावर गणित मांडलं. वर्गात दर वर्षी मुलांकडून हेच करून घेते, घरच्या कुत्र्यासाठी कधी केलं नव्हतं. ताशी ३० मैलांनी जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर २१ किलोच्या कुत्र्याला धरून ठेवायला जवळजवळ तीनशे किलो वजनाइतकं बल लागतं. एवढा भार त्या पट्ट्याची कडी, शिवण आणि कुत्र्याच्या छातीवरची दोन बोटं रुंद पट्टी यांनी पेलायचा. सैल पट्ट्याने तर हे आणखी वाईट होतं. गाडी थांबायला लागली तरी कुत्रा आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि पट्टा ताणला गेला की तो वेग क्षणात संपतो. माणसाचा सीटबेल्ट अंगाला चिकटून असतो तो याचसाठी. गळ्यातल्या पट्ट्याला तर चुकूनही बांधू नका, मानच जाईल.

दुसरा प्रयत्न पिंजऱ्याचा. तारेचा, घडी होणारा, स्वयंपाकघर आणि दार यांच्यामधल्या मोकळ्या जमिनीवर ठेवलेला. लवचीक दोऱ्यांनी टेबलाच्या पायाला आणि कपाटाच्या मुठीला बांधला. दिसायला अगदी भक्कम. पहिल्याच गोल चौकात तो हातभर सरकला. मग मी टेबलाचा पाय कशात बसवलाय ते वाकून पाहिलं आणि अंगावर काटा आला. मोटरहोममधलं लाकूडकाम वजन वाचवण्यासाठी पातळ प्लायचं असतं आणि लहान स्क्रूंवर उभं असतं. ते बशा ठेवायला पुरतं, टक्कर झेलायला नाही. धडक बसली तर कपाटासकट पिंजरा पुढे आला असता, आमच्या पाठीवर. शिवाय त्या जागी ठेवलेला पिंजरा दार अडवतो, आग लागली तर बाहेर कुठून पडणार?

गाडीत खरोखर भार पेलणारी जागा एकच असते : माणसांचे सीटबेल्ट ज्या लोखंडी सांगाड्याला लावलेले असतात तो सांगाडा. तो थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या मूळ चौकटीला, बोल्टने आवळलेला असतो. गादी उचलून, फळी बाजूला करून मी तो हाताने चाचपून पाहिला तेव्हा कुठे जीव जागेवर आला. कुत्र्याला बांधायचं तर त्या सांगाड्यालाच, म्हणजेच माणसाच्या बेल्टनेच. बाजूला तोंड असलेल्या आडव्या बाकावर नाही, पलंगावर नाही, पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधल्या जमिनीवर तर मुळीच नाही, तिथून तो घसरून चालवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेकपाशी येतो. पुढच्या खुर्चीवर बसवायचा तर समोरची एअरबॅग बंद करावी लागते, ती माणसाच्या आकाराचा विचार करून बनवलेली आहे.

आता त्या हार्नेसबद्दल.

अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची ना-नफा संस्था आहे. लिंडसी वोल्को या बाईंनी ती २०११ मध्ये सुरू केली. त्यांनी जोरात ब्रेक मारला तेव्हा त्यांची कुत्री बांधलेली असूनही जखमी झाली होती. हे वाचलं तेव्हा मला उल्लापूलचा रस्ता आठवला. २०१३ मध्ये या संस्थेने सुबारू कंपनीच्या मदतीने बाजारातल्या हार्नेसची टक्कर-चाचणी केली. कुत्र्याच्या वजनाचे, आकाराचे पुतळे बनवले आणि लहान मुलांच्या गाडीतल्या आसनांना जशी चाचणी लावतात तशी लावली. त्यात सगळ्यात सरस ठरला तो स्लीपीपॉडचाच आधीचा हार्नेस, क्लिकइट युटिलिटी. स्पोर्ट हा त्याच घराण्यातला, आणि त्यालाही या संस्थेचं प्रमाणपत्र आहे. 'क्रॅश टेस्टेड' हे शब्द खोक्यावर कुणीही छापू शकतो. चाचणी कुणी केली आणि कुत्रा जागेवर राहिला का, हे विचारायचं.

वस्तू म्हणाल तर ते जाड जॅकेटच आहे. छातीवर रुंद, आतून पॅड असलेला भाग येतो, त्यामुळे भार दोन बोटं पट्टीवर न येता पूर्ण छातीवर पसरतो. पाठीवर दोन्ही बाजूंना मजबूत पट्ट्यांचे फासे आहेत. त्यांतून गाडीचाच सीटबेल्ट ओवायचा आणि नेहमीच्या बकलमध्ये लावायचा. मध्ये लोंबणारा पट्टा नाही, कडी नाही. कुत्रा पाठीने आसनाला धरलेला राहतो. हाच फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने बाकी सगळं या एका गोष्टीपुढे गौण आहे.

किंमत पहिल्या दोन्ही वस्तूंच्या बेरजेपेक्षा जास्त पडली. मला ती पटली.

माप घेताना घाई करू नका. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीच्या सर्वांत रुंद भागाचा घेर शिंप्याच्या टेपने घ्यायचा, कुत्रा उभा असताना, आणि तीनदा घ्यायचा. बंड्याचे केस दाट, म्हणून टेप केसांखाली दाबून धरली. वजनावरून अंदाज बांधू नका. २१ किलोचा कोली आणि २१ किलोचा बुलडॉग यांची छाती सारखी नसते.

सवय लावायला आम्हाला सोळा दिवस लागले. पहिले चार दिवस नुसतं घरात घालायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, काढायचं. मग उभ्या गाडीत बाकावर बसवून बेल्ट. मग इंजिन सुरू, गाडी जागेवरच. मग गल्लीला एक फेरी. मग दहा मैल. मध्येच एकदा त्याने बकल चावायला घेतलं तेव्हा मी दोन पावलं मागे आले आणि पुन्हा घरातून सुरुवात केली. या बेल्टात त्याला बसता येतं, आडवं होता येतं, पण उठून गोल फिरता येत नाही. सुरुवातीला त्याची नाराजी पाहून वाईट वाटायचं. आता अर्ध्या तासात घोरतो. बाकावरून त्याला खिडकीबाहेरचं फारसं दिसत नाही, त्यामुळे दिसेल त्या मेंढीवर भुंकणंही थांबलंय.

मोटरहोमवाल्यांसाठी काही गोष्टी मात्र वेगळ्या सांगायला हव्यात. आमच्या मागच्या बाकावर खांद्यावरून येणारे बेल्ट आहेत. जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा बेल्ट असतो, तिथे हार्नेसबरोबर आलेली सूचनापुस्तिका वाचूनच ठरवा. बाकाच्या गाद्या मऊ आणि गुळगुळीत असतात, कुत्रा घसरतो आणि बेल्ट सैल पडतो. मी खाली रबरी जाळीची चटई घातली आणि टेबल काढून पलंगाखाली सरकवून ठेवते, म्हणजे आदळायला समोर कडाच उरत नाही. डोक्यावरच्या कपाटातले डबे, कुकर, सगळं खालच्या कप्प्यात.

दुसरी गोष्ट उकाडा. पुढचा एसी मागे पोचत नाही, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. बंड्याच्या डोक्याच्या उंचीवर एक छोटा थर्मामीटर चिकटवला, तेव्हा जुलैत पुढे आम्ही गारव्यात आणि मागे २९ अंश असा आकडा दिसला. छताची झडप आणि बाजूच्या उचलायच्या खिडक्या चालत्या गाडीत उघडायच्या नसतात. म्हणून १२ व्होल्टचा पंखा बसवला आणि दर दीड तासाला थांबतो, पाणी देतो. तारकर्लीच्या वाटेवर, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, अंगावर पॅडचं जॅकेट असताना हे दुप्पट महत्त्वाचं. बहिणीला मी पहाटे चारला निघायला सांगितलंय. थांबा असेल तिथे जॅकेट काढून अंग मोकळं करायचं.

तिसरी गोष्ट दाराची, आणि मला वाटतं ही सगळ्यांत दुर्लक्षित आहे. गाडी थांबली की कुत्र्याला वाटतं समुद्र आला. आमचं मोटरहोम युरोपात बनलेलं, तिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे राहत्या भागाचं दार उजवीकडे आहे. ब्रिटनमध्ये ते थेट वाहत्या रस्त्याकडे उघडतं. भारतातही वाहतूक डावीकडूनच, तेव्हा भाड्याच्या गाडीचं दार कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहून घे, असं तिला सांगितलं. आमचा क्रम ठरलेला आहे : इंजिन बंद, फिरवायची दोरी हार्नेसला लावली, दोरीचं टोक माझ्या मनगटात, मग सीटबेल्टचं बकल, मग दार. बेल्ट काढल्यावर दोरी शोधायची नाही. अपघातानंतर घाबरून मोटरवेवर पळालेले कुत्रे दुसऱ्या गाड्यांखाली जातात, आणि बांधलेल्या कुत्र्याचा हा एक फायदा कुणी मोजतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. मला बंड्याचं जॅकेट आवळताना पाहून म्हणाली, "अगं, आपल्या बैलगाडीखालून खंड्या कुत्रा चालायचा चाकोरीतून, त्याला कोण बांधायचं?" खरं आहे. पण बैलगाडी खंड्याच्याच चालीने जायची आणि थांबली तर तोही थांबायचा. एम-६ मोटरवेवर ताशी साठ मैलांनी जाताना बंड्याला गाडीचा वेग कळत नाही, तो आम्ही त्याच्या अंगावर घातलेला आहे. आईला गणित नाही दाखवलं. तिला बाकावर बंड्याशेजारी बसवलं, दोघांचे बेल्ट लावले आणि निघालो. लेक डिस्ट्रिक्टपर्यंत तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

वर्षभर वापरून आता शिवण, फासे, बकल यांत काही बिघाड नाही. दर महिन्याला गादी उचलून बेल्टची मुळं आणि हार्नेसची शिवण पाहते. एक नियम स्वतःसाठी पाळायचा ठरवलाय : खरी टक्कर झाली तर हार्नेस टाकून द्यायचा, वरून धड दिसला तरी.

काल बहिणीने रॉकीचं माप पाठवलं, ७४ सेंटिमीटर. एकदाच घेतलंय, फोटोत टेप केसांवरून गेलेली दिसतेय. पुन्हा घ्यायला सांगितलंय.