महापालिकेचा बेघर निवारा: बायपोलरवाल्याच्या नजरेतून रिव्ह्यू (५ पैकी ३)

मॅपवर या निवाऱ्याला कुणीतरी चार स्टार देऊन नुसतं 'गुड' लिहिलंय, आत पाऊल न टाकताच दिले असतील. म्हणलं आपण नीट लिहावं. शहराचं नाव टाकत नाही, मराठवाड्यात महापालिका पाचच आहेत, त्यातली एक समजा. तिथला केअरटेकर चांगला माणूस आहे आणि मी खाली बऱ्याच तक्रारी लिहिणारंय, उगं त्याच्यावर कागद निघायला नको.

आधी माझं थोडक्यात सांगतो म्हणजे मी मार्क कशावरून देतोय ते कळंल. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी पार खाली बसतं, त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. मोंढ्यात आडतीवर मुनीम होतो. सोयाबीनचा सीझन म्हणजे दिवाळीच्या आगंमागं अर्धी रात्र काटा चालू, पट्ट्या लिहिणं, गाड्या भरून देणं, आणि या आजाराचं असंय की झोप तुटली की डोकं चढायला लागतं. तेजी आली की तिच्यामागं मंदी ठरलेली, मोंढ्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मंदीत अंथरुणातून उठवंना, काम गेलं, भाडं थकलं, डिपॉझिट भाड्यात वळतं झालं आणि एक दिवस घरमालक म्हणले, "भाऊ, आता खोली मोकळी करा, पोरगी बाळंतपणाला यायलीय." त्यांना नावं ठेवत नाही, बरेच दिवस थांबले बिचारे. गावाकडं भावकी आहे पण तिथं गेलं की 'बाहेरचं झालंय' म्हणून आधी देवऋष्याकडं नेतेत आणि गोळ्या बंद करतेत, त्यापेक्षा निवारा बरा.

तर निवारा. हॉल मोठा, लोखंडी पलंग, गादी पातळ पण असती, चादर मिळती, पैसे काही लागत नाहीत. आधार दाखवावं लागतं, नसलं तरी एक-दोन रात्री घेतेत, मग पोलीस ठाण्याचा कागद आणा म्हणतेत. संडास सकाळी सहाच्या आत गाठला तर ठीक, नंतर देवाचं नाव घ्या. ढेकूण आहेत. हे सगळं कुणीही सांगंल. माझ्यासारख्याला बघायचं असतं ते दोनच, रात्री सलग झोप लागती का आणि गोळ्या जागेवर राहतेत का. फरशी चकाचक असून काय करायचंय.

झोपेचं म्हणाल तर बोंब आहे. टीव्ही अकरापर्यंत, आणि टीव्ही बंद झाला तरी ट्यूबलाइट रातभर चालू, का तर मागं एकदा अंधारात भांडणं झाली होती. आता डोळ्यावर उजेड घेऊन माणूस कसा झोपणार, आणि मला दोन-तीन रात्री झोप नाही मिळाली की चौथ्या दिवशी मी हॉलमधल्या सगळ्यांना धंदा सुरू करून द्यायच्या गोष्टी करायला लागतो. उपाय एकच, कोपऱ्यातला पलंग मागून घ्यायचा, म्हणजे भिंतीकडं तोंड करता येतं, आणि डोळ्यावर गमछा दुमडून बांधायचा. कानात कापूस. कोपरा मिळवायला आठवडा जातो, सगळ्यांनाच तो पाहिजे असतो.

गोळ्यांचं मात्र इथं मी पूर्ण मार्क देतो. लॉकर आहेत पण कड्या तुटलेल्या, माझी झोपेच्या गोळीची स्ट्रिप पहिल्याच आठवड्यात गेली, त्या गोळ्यांना गिऱ्हाईक असतं हे तेव्हा कळलं. मग केअरटेकरनं, त्याला सगळे मामाच म्हणतेत, बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, वर चिकटपट्टी लावून पेननं माझं नाव लिहिलं आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला. जेवण झालं की नऊला हाक मारतो, डबा उघडून समोर ठेवतो, पाण्याचा तांब्या देतो. एकदा मीच गोंधळलो, म्हणलं, "मामा, आज दोन हाईत का तीन?" तर म्हणे, "चिठ्ठीत बघ की बाबा, मी काय डॉक्टर हाय का." आणि चिठ्ठी डब्यातच, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. हे कुठल्या नियमात नाही, त्याच्या मनानं चाललंय, उद्या त्याची बदली झाली तर डबाही गेला. महापालिकेनं एक कुलूपवालं कपाट दिलं तर केवढ्याला पडंल?

आता खरी तक्रार. हे निवारे केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानातून झालेत, त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की एक लाख लोकसंख्येमागं १०० लोकांची सोय पाहिजे आणि निवारा चोवीस तास, बाराही महिने उघडा पाहिजे. आमच्याकडं सकाळी आठला 'चला बाहेर, झाडून घ्यायचंय' आणि संध्याकाळी सहाला गेट उघडणार. मे महिन्यात मराठवाड्यात ४२ डिग्रीत दिवसभर कुठं बसायचं, बसस्टँडवर का झाडाखाली? इतरांना नुसता त्रास होतो, लिथियमवाल्याला धोका असतो. घामात पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली लेव्हल वाढती, मग हात थरथरणार, उलटी-जुलाब, बोलणं जड, चालताना झोकांड्या. आणि निवाऱ्यात दारू पिलेल्याला प्रवेश नाही! माझ्या बाबतीत तेच झालं, गेटवर नवा वॉचमन, माझे पाय अडखळायलेत बघून त्यानं तोंडाचा वास घेतला, वास आला नाही तरी म्हणे काहीतरी केलंय यानं. मामानं डबा दाखवला, चिठ्ठी दाखवली, रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन, दोन दिवस लिथियम बंद, मग बरं. तेव्हापासून पाण्याची बाटली सोडत नाही आणि जेवणातलं मीठही मनानं कमी करत नाही. अंग दुखलं म्हणून कुणी गोळी दिली तरी घेत नाही, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या दुखण्याच्या गोळ्यांनीही लेव्हल चढती, आणि निवाऱ्याच्या फर्स्टएड पेटीत नेमक्या त्याच भरलेल्या.

जेवण: दुपारी शिवभोजन, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, केंद्र चालू असलं तर. रात्री कुणी दानशूर आले तर खिचडी, नाही तर आपलं आपण.

दवाखान्याचंही सांगतो कारण निवाऱ्याशी ते जोडलेलंच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत, मेडिकल कॉलेजचं दुसरं खातं, तिथला हिशोब वेगळा. गोळ्या फुकट मिळतेत, पण लिथियमची लेव्हल तपासायची तर 'बाहेरून करून आणा'. ती तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी करायची असती, म्हणजे नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, आणि पैसे खिशात पाहिजेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १८ म्हणतं की बेघर, निराधार आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी उपचार मोफत, बीपीएलचं कार्ड हातात नसलं तरी. खिडकीवरच्या बाईंना मोबाईलवर काढून दाखवलं, त्या म्हणल्या दादा हे आमच्याकडं आलेलं नाही. २०१७ चा कायदा, अजून यायलाय!

निवाऱ्याचा एक फायदा कुणी सांगत नाही, तो म्हणजे पत्ता. निवाऱ्यात राहतो असं पत्र लिहून देतेत, ते घेऊन माझं दिव्यांग प्रमाणपत्राचं काम पुढं सरकलं. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वात धरलाय, ४० टक्के किंवा जास्त आलं की संजय गांधी निराधारला अर्ज करता येतो. माझी फाईल तहसीलला आहे, टेबलं बदलायलीय.

कुणी जाणार असलं तर स्वतःचं छोटं कुलूप न्या, गोळ्यांच्या चिठ्ठीची झेरॉक्स एक अंगावर आणि एक केअरटेकरकडं ठेवा, लिथियम घेतो हे पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका. रात्री डोकं पळायला लागलं तर १४४१६ लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतेत, मी जिन्यात बसून लावलाय, समोरच्या ताईंनी घाई केली नाही.

मार्क: गोळ्या ५ पैकी ५, झोप २, दिवसा बाहेर काढणं शून्य, संडास १ तो पण सकाळचा. ओढून ताणून एकूण ३.

अपडेट: वॉर्डाच्या अभियंत्याला अर्ज दिला होता, त्यानंतर आमच्या बाजूची ट्यूब काढून झिरोचा बल्ब लावलाय. कोपऱ्यातल्या पलंगाची मागणी थोडी कमी झाली.