आर-टाइप फायनल २ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा खेळ घेऊन दोन दिवसांत बंद करून टाकणारे पुष्कळ आहेत. तक्रार एकच असते: एक गोळी लागली की यान फुटतं, मिळवलेलं सगळं जातं आणि मागच्या चेकपॉइंटला नेऊन सोडतात. तक्रार खरी आहे. पण आठ महिने पीसीवर, बेळगावच्या लाईटवर आणि घरातल्या साध्या सामानावर खेळल्यावर एक गोष्ट पक्की झाली. सुरुवातीला यान फुटतं त्यातली बरीच कारणं खेळाडूच्या हातात नसतात, ती टीव्हीत, कीबोर्डमध्ये आणि व्होल्टेजमध्ये असतात. ती आधी काढून टाकली की हा खेळ काय मागतो ते दिसायला लागतं. तो बोटांचा वेग मागत नाही, फोर्स, म्हणजे यानाला चिकटणारा ढालीसारखा गोळा, कुठे ठेवायचा याचा विचार मागतो.

नव्या माणसांसाठी थोडी पार्श्वभूमी. पहिला आर-टाइप १९८७ चा, आयरेम कंपनीचा, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा. डावीकडून उजवीकडे सरकणारा पडदा, एकटं यान आणि समोर बायडो नावाचा शत्रू. त्याच माळेतला फायनल २००३ साली प्लेस्टेशन २ वर आला. त्यात १०१ यानं होती आणि नावाप्रमाणे तोच शेवटचा ठरणार होता. पुढे आयरेममधून बाहेर पडलेल्या लोकांनी ग्रँझेला ही कंपनी काढली. १ एप्रिल २०१९ ला त्यांनी फायनल २ जाहीर केला तेव्हा तारखेमुळे अनेकांना ती थट्टा वाटली. पैसे चाहत्यांकडून उभे केले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये खेळ बाहेर आला. चित्रं अनरियल इंजिन ४ वर त्रिमितीत केलेली आहेत, खेळ मात्र जुन्यासारखाच सपाट पातळीवर चालतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण चित्रं बघून वेगवान खेळ असेल असं वाटतं. तो संथ आहे आणि संथच असायला हवा.

आता सामान. पहिला अडथळा टीव्हीचा. आपल्याकडे पीसी बहुतेक वेळा हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीलाच जोडतात. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते उशिरा दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. टीव्हीने १०० मिलिसेकंद उशीर केला तर तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून यान हलवताय. गोळी दिसते तेव्हा ती प्रत्यक्षात यानाच्या जवळ पोचलेली असते. पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा. नसेल तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव ‘पीसी’ असं बदलून बघा, काही टीव्ही तेवढ्यावरच चित्राची जादाची प्रक्रिया बंद करतात. ‘मोशन’ शब्द असलेला प्रत्येक पर्याय बंद ठेवा. ब्लूटूथ हेडफोनही टाळा, बटण धरून भरायची तोफ भरत आल्याचा आवाज उशिरा येतो आणि बोट चुकीच्या क्षणी सुटतं.

दुसरा अडथळा कीबोर्डचा, आणि हा कुणाच्या लक्षातच येत नाही. स्वस्त कीबोर्डवर काही तीन बटणं एकत्र दाबली की तिसरं पोचतच नाही. वर, डावीकडे आणि स्पेसबार हे तर नेहमीचं त्रिकूट. यान वर-मागे सरकतं आणि गोळी मात्र सुटत नाही. खेळातच तपासा: यान तिरकं नेत गोळी मारून बघा, आठही दिशांना. कुठे अडलं तर गोळी आणि फोर्सची बटणं बदला. कंट्रोल आणि शिफ्ट सहसा अडत नाहीत. मात्र शिफ्ट वापरणार असाल तर विंडोजमधलं ‘स्टिकी कीज’ आधी बंद करा, नाहीतर पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर ऐन बॉसपुढे, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपुढे, खिडकी उघडते. जॉयस्टिक घ्यायची तर खडे बाजारात मिळणाऱ्या साध्या वायरवाल्यांपैकी चालेल, पण विकत घेताना अधिक-चिन्हासारखं दिशेचं बटण दाबून बघा. फक्त वर दाबल्यावर अंगठा जरा सरकला की तिरकं जात असेल तर ती घेऊ नका. अरुंद बोगद्यात तेवढ्यानेच यान जातं. गोल काडीने खेळता येतं, पण इंचभर सरकून थांबायला दिशेचं बटणच बरं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात वायरच्या टोकाला आणि बटणांखालच्या पट्टीला दमट धरते. जून ते सप्टेंबर जॉयस्टिक झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सावल्या आणि इफेक्ट्स सगळ्यात खाली आणा, रिझोल्यूशन ७२० वर ठेवा आणि चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकल्याचा फरक इथे डोळ्यांना दिसतो, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅमवरच जगतं. फ्रेम कमी-जास्त होत राहिल्या तर गोळ्यांचा ठेका पाठ होत नाही, आणि हा खेळ सगळा ठेक्यावर आहे. दिसायला थोडा साधा पण एकसारखा चालणारा ठेवा. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात पंख्यातली धूळ काढल्याशिवाय तोही एकसारखा चालत नाही.

आणि लाईट. स्टेजच्या मध्यात पीसी बंद पडला की ती स्टेज गेली. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक इन्व्हर्टरवर एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्याला, दिव्याला चालतो, पीसीला चालत नाही, तो रीस्टार्ट होतो. यूपीएसवर टाकला की बदल झटकन होतो. पण त्याचाही एक त्रास आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही. निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात तीन फेज आली की शेतातल्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज दबतं, आणि लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जाऊन बसतो. तासाभरात बॅटरी खाली. अशा ठिकाणी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवून पीसी आणि टीव्हीसाठी वेगळा यूपीएस घेतलेला बरा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार घेतो आणि साध्या पीसीला हातातली स्टेज संपवण्याइतकी मिनिटं देतो. लाईट गेल्यावर नवी स्टेज सुरू करायची नाही, एवढाच नियम.

एवढं झालं की मग फोर्स. हा नारिंगी गोळा म्हणजे आर-टाइपचा जीव आहे. तो फुटत नाही. यानाच्या पुढे चिकटतो, मागे चिकटतो, सोडून दिला तर एकटा हिंडून मारा करतो, आणि शत्रूच्या बहुतेक साध्या गोळ्या अंगावर झेलतो. नवा माणूस तो पुढे लावतो आणि विसरतो. चूक तिथेच. फोर्स पुढे आहे तेव्हा तुमची पाठ उघडी आहे, आणि स्टेज रचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. म्हणून मागून येणाऱ्या टोळ्या नेमक्या अशा जागी ठेवल्यात की समोर मोठं काहीतरी चालू असतं. मागून कधी येतात ते एकदा मरून कळलं की पुढच्या वेळी दोन सेकंद आधीच फोर्स सोडा, यान त्याच्या पुढे न्या आणि परत बोलवा. तो पाठीला येऊन चिकटतो आणि लेसर मागे सुटतो. ही हालचाल मोकळ्या जागेत वीस-पंचवीस वेळा करून हातात बसवा. गर्दीत शिकता येत नाही.

बॉसच्या बाबतीत उलटं. लांबून गोळ्या मारत बसण्यापेक्षा फोर्स त्याच्या नाजूक जागेत फेकून द्यायचा. तो तिथे बसून घासत राहतो, तुम्ही बाहेरून तोफ भरत राहायचं. तेवढा वेळ तुमच्यापुढे ढाल नसते, म्हणून आधी गोळ्यांमधली मोकळी पट्टी शोधून ठेवा. फोर्स शत्रूला लागत राहतो, गोळ्या खात राहतो, तसा ‘डोस’चा काटा वर चढतो. १०० टक्के झाला की पडदाभर मारा करणारं खास अस्त्र मिळतं. ते बॉससाठी राखून ठेवायचा मोह होतो, पण आठ महिन्यांच्या हिशोबात ते बॉसच्या आधीच्या अडचणीच्या वळणावर वापरलेलं जास्त कामी आलंय. बॉसपर्यंत फोर्ससकट पोचणं हेच निम्मं काम.

रंगीत स्फटिकांबद्दल. नेहमीच्या ॲरोहेड यानावर तांबडा स्फटिक समोर सरळ जाणारा पिळाचा लेसर देतो, निळा भिंतींवर आपटून परतणारा, पिवळा जमीन आणि छत धरून सरपटणारा. तांबडा दिसायला सगळ्यात जोरकस, म्हणून सगळे तोच उचलतात. बंदिस्त जागेत निळा घ्या, कोपऱ्यामागे लपलेल्या तोफा न दिसताच फुटतात. पिवळा खडबडीत जमिनीवर बसवलेल्या तोफांसाठी, मोकळ्या आकाशात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. नको असलेल्या रंगाचा स्फटिक समोर आला तर सोडून द्यायची सवय लावा. फोर्सचा दर्जा अजून वाढायचा असेल तर मात्र रंग न बघता घ्या.

तोफ म्हणजे वेव्ह कॅनन: बटण दाबून धरायचं, पडद्याखालची पट्टी भरू द्यायची, सोडायचं. काही यानांची पट्टी एकदा भरून थांबत नाही, पुन्हा भरते आणि मारा वाढतो. पण बटण धरून ठेवलंय तोवर साध्या गोळ्या बंद. म्हणून लहान शत्रूंच्या रांगेत पूर्ण भरायची वाट बघू नका, अर्धी भरलेली तोफ रांग साफ करते आणि लगेच गोळ्या मोकळ्या होतात. यानाचा वेगही बटणाने बदलता येतो. बोगद्यात कमी, मोकळ्यावर जास्त. एकाच वेगावर सगळी स्टेज काढणारा माणूस भिंतीपाशी हमखास अडकतो.

मेल्यावर चेकपॉइंटला रिकामं यान मिळतं तेव्हा हात गळतात. तिथे घाई नको. पहिलं लक्ष्य एकच, वस्तू टाकणारं छोटं पॉव यंत्र फोडून फोर्स परत मिळवायचा. तोवर पडद्याच्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागात राहा आणि तोफेवर भागवा. वरून-खालून मारा असेल तिथे यानाच्या डोक्यावर आणि पोटाखाली फिरणारे बिट्स नावाचे छोटे गोळे घ्यायला विसरू नका.

पातळी ‘किड्स’पासून धरा, नाव बघून लाजायचं कारण नाही. ‘प्रॅक्टिस’वर शत्रू इतके कमी येतात की खरे ठेके कळत नाहीत. ‘नॉर्मल’ झाल्यावरच ‘बायडो’. त्याच्याही वरची ‘आर-टायपर’ पातळी ज्यांना स्टेज डोळे मिटून आठवते त्यांच्यासाठी. एकच स्टेज घोटायची असेल तर स्कोअर अटॅकमध्ये जा, दरवेळी पहिल्यापासून सुरू करू नका.

यानांचा संग्रह ही या खेळाची श्रीमंती आणि तिथेच त्याची सगळ्यात मोठी खोट. सोल्मोनियम, इथेरियम आणि बायडोजन ही तीन द्रव्यं स्टेज खेळून जमवायची आणि म्युझियममध्ये नवी यानं उघडायची. यानं खरोखर वेगळी आहेत. सर्बेरसचा फोर्स प्रकाशाच्या साखळीला बांधलेला असतो आणि शत्रूला जबडा लावून चावतो, त्यावर हात बसला की ॲरोहेडच्या सवयी मोडाव्या लागतात. पण एकच द्रव्य कमी पडतंय म्हणून पाठ झालेली स्टेज सात-आठ वेळा काढणं कंटाळवाणं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्यासाठी उपाय: मिळेल ते यान उघडत सुटू नका. यानांच्या झाडावर, म्हणजे कुठल्या यानातून पुढे कुठलं उघडतं त्या तक्त्यावर, हवं ते यान ठरवा, त्याच्या वाटेवरचीच उघडा, बाकी द्रव्यं साठवा.

मेनू आणि म्युझियममधली माहिती इंग्रजीत वाचावी लागते, मराठी किंवा कन्नड पर्याय नाही. मराठी शाळेतल्या मुलाला खेळायला अडचण येत नाही, पण प्रत्येक यानाची तोफ कशी चालते हे वाचल्याशिवाय उघडलं तर द्रव्यं वाया जातात. पहिल्या आठवड्यात शेजारी बसून ते वाचून सांगणारं कुणीतरी हवं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लोड व्हायला वेळ लागतो, आणि दर दोन मिनिटांनी फुटणाऱ्या यानाला तो वेळ फार बोचतो. साधी एसएसडीसुद्धा पुरते.

जुन्या आर-टाइपमधल्या स्टेज नव्याने बांधून वेगळ्या विकल्या जातात. पहिल्या महिन्यात त्यांच्यावर खर्च करू नका. मूळ स्टेज ‘नॉर्मल’वर संपल्या आणि तरीही संध्याकाळी हात तिकडेच जात असला, तर सेलची वाट बघून घ्या. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे त्यांच्यासाठी २०२३ मध्ये फायनल ३ इव्हॉल्व्ह्ड आलाय, तो याच खेळाचा वाढवलेला अवतार आहे, त्यांनी दोन्ही घ्यायची गरज नाही. पीसीवाल्यांनी विकत घेतल्यावर दोन तासांच्या आत आपल्या मशीनवर पहिली स्टेज सलग ६० फ्रेमवर चालते का ते आधी बघावं. स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागायची मुदत १४ दिवसांची असली तरी खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असावा लागतो, आणि तो वेळ मेनूत रंग निवडण्यातच निघून जातो.